अर्ज कोण पुढे करणार? अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांनी चालवलेल्या मतदार नोंदणीचं प्रकरण

अमेरिकेत मतदार यादीत नाव घालायला कोणी दारात येत नाही. आपल्याकडे निदान कागदोपत्री तरी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी, घरोघरी फिरतो. तिथे हे काम बहुतेक वेळा ज्याचं त्याने करायचं. पत्ता बदलला की पुन्हा अर्ज, आणि अनेक राज्यांत त्याची मुदत मतदानाच्या कितीतरी दिवस आधीच संपते. नॉर्थ डकोटा हे एकच राज्य असं, जिथे नोंदणीची भानगडच नाही. बाकी ठिकाणी यादीतून कोण गळतं हे कळायला संशोधन लागत नाही. भाड्याची खोली सारखी बदलावी लागणारा, दोन पाळ्यांत काम करणारा, व्हीलचेअरवर असलेला, आजारी आईला घेऊन दवाखान्यात तिष्ठणारा. पण हीच माणसं कुठल्या ना कुठल्या सरकारी खिडकीपुढे किंवा दवाखान्याच्या बाकावर हमखास सापडतात. या प्रकरणाचा उगम त्या बाकावर आहे.

आधी एक खुलासा. मराठीत ‘समाजसेवक’ म्हटलं की चौकातला फ्लेक्स डोळ्यांपुढे येतो: वाढदिवसाच्या शुभेच्छा, हात जोडलेले, आणि पुढच्या महापालिकेत तिकिटाची आशा. इथे ज्यांच्याबद्दल लिहितोय ते समाजकार्याची पदवी घेतलेले, परवाना असलेले, रुग्णालयात किंवा मदत कार्यालयात पगारी नोकरी करणारे लोक. रुग्णाला घरी सोडताना त्याच्याकडे औषधाला पैसे आहेत का, घरी जिना आहे का, स्वयंपाक कोण करणार, हे पाहणारे. फ्लेक्सवाल्या समाजसेवकाने मतदार नोंदणीचं शिबिर घेतलं तर कोणालाच नवल वाटत नाही. पगारी समाजकार्यकर्त्याने रुग्णाला “तुमचं नाव यादीत आहे का?” असं विचारलं की मात्र भुवया उंचावतात. तसं त्याने विचारावं का, आणि विचारायचं तर कसं, यावर अमेरिकेत चाळीस वर्षं खल चालला आहे.

१९८३: दोन प्राध्यापकांची युक्ती

रिचर्ड क्लॉवर्ड न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात समाजकार्य शिकवत. त्यांच्या पत्नी फ्रान्सिस फॉक्स पिव्हन राज्यशास्त्राच्या अभ्यासक. दोघांनी हलबर्ट जेम्स यांना सोबत घेऊन १९८३ मध्ये ‘ह्यूमन सर्व्ह’ नावाची संघटना काढली. सेवाक्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांमार्फत नोंदणी आणि मतदार शिक्षण, असा त्या नावाचा फोड करून अर्थ.

त्यांचा हिशेब सरळ होता. गरीब वस्तीत स्वयंसेवक पाठवून दारं ठोठावली तर अर्ध्या घरांना कुलूप असतं आणि उरलेल्यांपैकी बरेचजण दार उघडत नाहीत. पण हीच माणसं अन्न-कुपनांसाठी, मेडिकेड या गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, पाळणाघरासाठी, सरकारी दवाखान्यासाठी आपल्या पायांनी येतात. खिडकीपलीकडचा कर्मचारी त्यांचं नाव, पत्ता, जन्मतारीख लिहून घेतच असतो. नोंदणीच्या अर्जाला लागणारी बहुतेक माहिती तीच. मग आणखी एक कागद पुढे करायला कितीसा वेळ लागतो?

क्लॉवर्ड आणि पिव्हन यांच्या मनात राजकारण होतंच, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. गरीब मोठ्या संख्येने मतदार झाले की डेमोक्रॅटिक पक्षाला त्यांची दखल घ्यावी लागेल आणि पक्षाचा चेहराच बदलेल, असं त्यांनी तेव्हाच उघड लिहिलं होतं. म्हणजे जी चळवळ पुढे ‘निष्पक्ष नोंदणी’ म्हणून कायद्यात गेली, तिच्या जन्मदात्यांना एका बाजूची आशा होती. विरोधक आजही हे उकरून काढतात आणि त्यांना खोटं म्हणता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली यापेक्षा खिडकीवर ती कोणत्या शब्दांत उतरली ते तपासावं. त्या शब्दांकडे येतोच.

संस्थांनी आपखुशीने हे काम उचलावं, ही सुरुवातीची आशा फार टिकली नाही. कामाचा बोजा, वरिष्ठांची धास्ती, “राजकारण नको बाबा” ही सार्वत्रिक वृत्ती. मग ह्यूमन सर्व्हने गव्हर्नरांकडे मोर्चा वळवला. १९८४ मध्ये न्यूयॉर्क, ओहायो, टेक्सससारख्या काही राज्यांत तसे आदेश निघाले. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये रेगन यांचं सरकार होतं. केंद्रीय कर्मचारी विभागाचे प्रमुख डोनाल्ड डिव्हाइन यांनी केंद्राच्या अनुदानावर गदा येऊ शकते, असा इशारा राज्यांना दिला. अनुदान म्हटल्यावर फायली कशा थंडावतात, हे मंत्रालयाच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही समजवावं लागणार नाही.

शेवटी गाडी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, वळली. १९९२ च्या जुलैमध्ये थोरल्या बुश यांनी विधेयक नकाराधिकाराने फेटाळलं. पुढच्या वर्षी क्लिंटन आले आणि २० मे १९९३ रोजी राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यावर सही झाली. त्या समारंभाला क्लॉवर्ड आणि पिव्हन दोघेही हजर होते. लोक या कायद्याला ‘मोटर व्होटर’ म्हणतात, कारण वाहन परवाना काढतानाच नोंदणीची सोय त्यात आहे. नाव परवान्याचं पडलं, पण आपल्या प्रकरणाचा जीव सातव्या कलमात आहे.

सातवं कलम

या कलमावर भांडण झालं ते वाजवी होतं. विरोधकांचा आक्षेप असा: ज्याच्या हातात माणसाचं अन्न आणि औषध आहे, त्याच्याच हातात मतदार अर्ज दिला तर समोरच्याला “नाही” म्हणायची हिंमत कशी होणार? सिनेटने मदत कार्यालयांवरची सक्ती काढून ती ऐच्छिक केली होती. दोन्ही सभागृहांच्या समेटात सक्ती परत आली, बेरोजगार भत्त्याची कार्यालयं मात्र सुटली, आणि त्या बदल्यात संरक्षणाची कलमं नीट बांधून घेतली गेली. मला हा आक्षेप या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी आक्षेप वाटतो. तो नसता तर पुढचे शब्द इतके काटेकोर झाले नसते.

कलम सांगतं ते असं. मदत द्यायची प्रत्येक सरकारी कचेरी आणि मुख्यतः अपंगांसाठी चालणारी, राज्याच्या पैशावरची प्रत्येक सेवा, यांनी नव्या अर्जाच्या वेळी, नूतनीकरणाच्या वेळी आणि पत्ता बदलताना, दर वेळी लेखी विचारायचं: आता जिथे राहता तिथे तुमची नोंदणी नसेल, तर आज इथे अर्ज करायचा आहे का? हो आणि नाही, असे दोन चौकोन. त्याखाली छापलेलं असतं की अर्ज केला किंवा नाकारला तरी मिळणाऱ्या मदतीत फरक पडणार नाही. अर्ज भरायला मदत हवी तर मिळेल, एकट्याने भरायचा तर तसा भरा. कर्मचाऱ्याने पक्षाची निवड सुचवायची नाही, स्वतःचा कल दिसू द्यायचा नाही, नोंदणीपासून परावृत्त करायचं नाही, आणि मदतीशी याचा संबंध आहे असं भासेल असं काही बोलायचं नाही. कल दिसू न देणं म्हणजे कोटाला लावलेला बिल्लासुद्धा नको. भरलेला अर्ज दहा दिवसांत निवडणूक कचेरीत पोहोचवायचा, मुदत जवळ आली असेल तर पाच दिवसांत.

दोन तपशील सहसा कोणी सांगत नाही, पण रुग्णांसोबत काम करणाऱ्याला तेच सगळ्यात मोलाचे. अपंग व्यक्तीला सेवा घरी जाऊन दिली जात असेल, तर नोंदणीची सोयही घरीच द्यायची. आणि कोणी नकार दिला, किंवा कोणाचं नाव कोणत्या कचेरीतून नोंदलं गेलं, ही माहिती सार्वजनिक करायची नाही. मानसिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवलेल्या माणसाला शेजाऱ्याने मतदार यादी चाळून ते ओळखू नये, इतका बारीक विचार १९९३ मध्ये झाला होता.

सगळी राज्यं खुशीने तयार झाली नाहीत. कॅलिफोर्निया आणि इलिनॉय यांनी कायदा राबवायचंच नाकारलं. १९९५ मध्ये दोन्ही प्रकरणं केंद्रीय अपील न्यायालयांत गेली आणि मूळ मुद्द्यावर दोन्ही राज्यं हरली. सहा राज्यांना मात्र कायदाच लागू नव्हता, कारण एकतर तिथे नोंदणीची अट नव्हती किंवा मतदानाच्या दिवशी नोंदणी चालत होती.

चढ आणि घसरण

पहिल्या दोन वर्षांत, १९९५–९६ मध्ये, मदत कार्यालयांतून सुमारे २६ लाख अर्ज आले. पिव्हन आणि क्लॉवर्ड यांचं भाकीत मात्र फसलं. १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदानाच्या वयातल्या जेमतेम ४९ टक्के लोकांनी मत दिलं. यादीत नाव येणं आणि मतदान करणं या वेगळ्या गोष्टी, आणि नवे मतदार कोणाच्या झोळीत पडतील हे तर कोणालाच ठरवता येत नाही. एका अर्थी निष्पक्षतेचा याहून चांगला दाखला सापडणार नाही: ज्यांना फायद्याची आशा होती त्यांना तो मिळाला नाही.

२००५–०६ पर्यंत मदत कार्यालयांतून येणारे अर्ज ५ लाख ४० हजारांवर घसरले. जवळपास ऐंशी टक्के घट. कायदा तोच, कलम तेच. काही जण म्हणाले, १९९६ च्या कल्याण योजनांच्या कपातीमुळे लाभार्थीच कमी झाले. रोख मदतीबाबत हे खरं आहे. पण अन्न-कुपनं घेणारे २००६ मध्येही दहा वर्षांपूर्वी होते जवळपास तितकेच होते. माणसं खिडकीवर येतच होती. त्यांना कोणी विचारत नव्हतं.

आतून हे कसं घडतं, ते कुठल्याही कचेरीत काम केलेल्याला ओळखीचं वाटेल. पहिल्या वर्षी प्रशिक्षण होतं. प्रशिक्षण घेतलेली बाई बदली होऊन जाते. तिच्या जागी आलेल्याला वाटतं, अर्ज कोपऱ्यातल्या रॅकवर आहेत, ज्याला हवा तो उचलेल. मग रॅकवरचे अर्ज संपतात आणि नवे मागवायचे कोणी, हे ठरलेलं नसतं. वरून कोणी आकडा विचारत नाही. विचारलाच जात नाही तो आकडा शून्य झाला तरी कोणाची रात्रीची झोप उडत नाही.

मिझुरी राज्यावर यासाठी खटला झाला. २००८ च्या जुलैमध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी कलम पाळण्याचा आदेश दिला. त्याआधी राज्याच्या समाजसेवा खात्यातून महिन्याला साडेसहाशेच्या आसपास अर्ज येत होते, नंतर ते दहा हजारांच्या पुढे गेले. मधल्या काळात मिझुरीची जनता अचानक जागरूक झाली नव्हती. कर्मचाऱ्यांना तोंड उघडायला सांगितलं गेलं, एवढंच.

दवाखान्याचा बाक

सातवं कलम खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयांना सहसा लागू होत नाही. तिथे सक्ती नाही, पण मनाईही नाही. करसवलत असलेल्या धर्मादाय संस्थेने कोणा उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, मात्र पक्ष न पाहता नोंदणी करून द्यायला आडकाठी नाही. हे बऱ्याच रुग्णालयांच्या व्यवस्थापनाला ठाऊक नसतं. “आम्ही राजकारणापासून दूर” असं सांगून ते ज्यापासून दूर राहतात, ते राजकारण नसतंच.

ब्राँक्समधला एक प्रयोग यासाठी वाचावा. न्यूयॉर्कच्या या गरीब भागातल्या दोन कौटुंबिक वैद्यक दवाखान्यांत बारा आठवडे रुग्णांना नोंदणीबद्दल समोरासमोर विचारलं गेलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: ३०४ रुग्णांशी बोलणं झालं. पात्र असून नाव नसलेले निघाले १२८. त्यातल्या ११४ जणांनी तिथेच अर्ज भरला, म्हणजे ८९ टक्के. नवी नोंदणी करणाऱ्यांत ६५ टक्के चाळिशीच्या आतले. प्रयोग लहान आहे आणि त्यावर इमले बांधू नयेत. पण “गरिबांना मतदानात रसच नसतो” हे वाक्य या ११४ अर्जांपुढे म्हणून दाखवणं कठीण आहे.

२०१९ च्या अखेरीस बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातले तातडीच्या विभागातले डॉक्टर अ‍ॅलिस्टर मार्टिन यांनी प्रतीक्षाकक्षात नोंदणीचे कियॉस्क मांडले. मग कोविड आला आणि प्रतीक्षाकक्षाची रीतच बदलली. त्यांच्या ‘व्होट-ईआर’ संस्थेने क्यूआर कोड छापलेली पट्टी डॉक्टर, परिचारिका आणि समाजकार्यकर्त्यांच्या ओळखपत्राच्या मागे लावली. रुग्णाने आपल्या फोनवर कोड टिपायचा आणि अर्ज स्वतः भरायचा. हे फार हुशारीचं आहे, कारण कर्मचाऱ्याला कोणी काय भरलं हे दिसतच नाही.

प्रसिद्धी डॉक्टरांना मिळाली. समाजकार्यकर्त्यांना या कामाचा आधार आधीपासून आहे: सार्वजनिक धोरणं ठरताना लोकांना माहितीपूर्वक सहभाग घेता यावा यासाठी मदत करणं, हे अमेरिकेतल्या राष्ट्रीय समाजकार्यकर्ता संघटनेच्या आचारसंहितेतच आहे. त्याच संहितेत रुग्णाच्या स्वनिर्णयाचा आदरही आहे. ही दोन तत्त्वं एकाच खाटेशेजारी सांभाळायची, यात खरी कारागिरी आहे.

वेळ कोणती निवडायची, हे पहिलं. वेदनेत, गुंगीत, वाईट निदान ऐकल्याच्या दिवशी विचारायचं नाही. घरी सोडण्याची तयारी चालू असताना, पत्ता, फोन, गाडी यांची विचारपूस होतेच, त्यातच हा प्रश्न बसतो. सगळ्यांना विचारायचं. हा गरीब दिसतो, ही आपल्या विचारांची वाटते, अशी निवड केली की निष्पक्षता संपली, मग अर्ज कितीही कोरा असो. “कोणाला मत देऊ?” असं रुग्णाने उलट विचारलं तर “ते मी सांगत नाही, कोणालाच सांगत नाही” हे उत्तर आधीच तोंडात तयार हवं. बेघर माणसाला पत्ता नाही म्हणून परत पाठवायचं नाही. केंद्रीय अर्जावर आपली राहण्याची जागा नकाशाने दाखवायला चौकट असते. शिक्षा भोगलेल्या माणसाला मताचा हक्क आहे का, हे राज्याराज्याला बदलतं. मेन आणि व्हर्माँटमध्ये तुरुंगात असतानाही तो जात नाही, इतरत्र आधी नियम पाहावा लागतो.

आणि नागरिकत्व. इथे मराठी वाचकांनी कान टवकारावेत, कारण अमेरिकेत मुलांकडे राहणारे आपले कितीतरी आईवडील याच बाकावर बसलेले असतात. समजा, न्यू जर्सीत एडिसनचा एखादा दवाखाना आहे आणि समाजकार्यकर्ती मराठीच निघाली.

“काकू, हा फॉर्म आम्ही सगळ्यांनाच विचारतो. पण आधी सांगा, तुमचं सिटिझनशिप झालंय की ग्रीन कार्डच आहे अजून?”

“ग्रीन कार्ड गं. पण मुलगा म्हणतो, सरकारी कागद आला की सही करून मोकळं व्हायचं.”

“यावर नका करू. पहिलाच प्रश्न आहे, तुम्ही अमेरिकेच्या नागरिक आहात का. चुकून ‘हो’वर खूण झाली तर ग्रीन कार्ड अडचणीत येईल. हा कागद मीच परत घेते. तुमच्या औषधांना यामुळे काही होणार नाही.”

यात अतिशयोक्ती नाही. १९९६ च्या स्थलांतर कायद्यापासून, मतदानासाठी नागरिक असल्याचा खोटा दावा करणं हे देशाबाहेर काढायला पुरेसं कारण ठरू शकतं, आणि “मला इंग्रजी कळलं नाही” ही सबब तिथे फारशी चालत नाही. टपालाने भरायच्या अर्जावर नागरिकत्वाचा प्रश्न चौकोनांसह छापण्याची सक्ती २००२ मध्ये आली. चांगला समाजकार्यकर्ता तो चौकोन छापलेला आहे म्हणून गप्प बसत नाही, मोठ्याने वाचून दाखवतो. किती अर्ज भरले याबरोबर किती अर्ज योग्य कारणाने परत घेतले, हेही या कामाचं माप आहे. पहिला आकडा अहवालात येतो, दुसरा कोणी मागत नाही.

आपल्याकडचं याला सगळ्यात जवळचं दालन मनोरुग्णालयाचं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद आहे, आणि वर्षानुवर्षं कोणी न्यायला न आलेले रुग्णही आहेत. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार न्यायालयाने मनोविकल ठरवलं असेल तरच हक्क जातो, आणि आजाराचं निदान झालं म्हणून तसं मानू नये हे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो. पण १९५० च्याच कायद्याचं कलम २० असंही म्हणतं की मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहिल्यामुळे माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. मग ज्याचं बाहेरचं घर संपलं, त्याने फॉर्म ६ वर, म्हणजे आपल्याकडच्या नव्या मतदार नोंदणीच्या अर्जावर, पत्ता कुठला लिहायचा? चेन्नईच्या किल्पॉक इथल्या मानसिक आरोग्य संस्थेतल्या दीडशेहून अधिक रुग्णांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान केलं. तेव्हा वाट काढता येते, हे दिसलं आहे.

अमेरिकेतल्या प्रकरणाचा एक धागा उरला आहे. सातव्या कलमाच्या त्या छापील प्रश्नाखाली असंही लिहिलेलं असतं की दोन्ही चौकोन कोरे ठेवलेत तर तुम्ही सध्या नोंदणी न करण्याचं ठरवलं आहे असं समजलं जाईल. न्यू मेक्सिकोतल्या मदत कार्यालयांनी याचा सोयीचा अर्थ लावला: चौकोन कोरे, म्हणजे नकार, म्हणजे अर्ज द्यायला नको. २०१२ मध्ये हे अपील न्यायालयापुढे आलं. न्यायालयाने सांगितलं की कोरा चौकोन हा लेखी नकार नव्हे. “नाही”वर खूण केली असेल तरच अर्ज न देण्याची मुभा. बाकी कोणालाही, काहीच न लिहिणाऱ्यालासुद्धा, कर्मचाऱ्याने अर्ज द्यायचाच आहे.